नऊ आकडे आणि आपल्या लेकीसुना

अमेरिकेत ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो सोशल सिक्युरिटी नंबर मुळात कर वसूल करण्यासाठी काढलेला नव्हता. १९२९ नंतरच्या मंदीत बँका बुडाल्या, गिरण्या बंद पडल्या आणि आयुष्यभर राबलेली माणसं म्हातारपणी रिकाम्या हातांनी उरली. १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, तेवढेच मालकाने घालायचे आणि त्या हिशेबावर पुढे त्याला निवृत्तिवेतन द्यायचं, असं ठरलं. एकाच नावाची हजारो माणसं असलेल्या देशात कोणाचा पगार कोणाच्या खात्यावर मांडायचा, एवढ्यासाठी हे नऊ आकडे आले.

नव्या खात्याकडे गावोगावी कचेऱ्या नव्हत्या. म्हणून काम पोस्टाकडे गेलं. १९३६ च्या नोव्हेंबरात पोस्टमननी आधी मालकांना आणि मग कामगारांना अर्ज वाटले. सुमारे ४५ हजार पोस्ट कचेऱ्यांपैकी १,०७४ ठिकाणी टंकलेखकांना बसवून कार्डं छापून घेतली. सगळ्या नोंदी बाल्टिमोरच्या कँडलर बिल्डिंगमध्ये जमा होत. फोटो नाही, अंगठा नाही, जन्माचा दाखला नाही. माणसाने सांगितलं ते नाव आणि सांगितली ती जन्मतारीख लिहून घेतली जाई. ‘तू या देशाचा नागरिक आहेस का?’ याचा पुरावा कोणी मागत नसे. राबणाऱ्या माणसाला नंबर, असा साधा हिशेब होता.

त्या हिशेबात तेव्हाचे हिंदी लोक मात्र बहुतेक आलेच नाहीत. त्या काळी अमेरिकेत असलेले बरेचसे हिंदी लोक कॅलिफोर्नियात शेतीवर राबणारे पंजाबी होते, आणि १९३५ च्या कायद्याने शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना सरळ बाहेर ठेवलं होतं. दक्षिणेतले काळे मजूरही याच कलमाने मोठ्या संख्येने वगळले गेले. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारलं होतं; बारा वर्षांनी आलेल्या या कायद्याने त्याच्या घामाचीही नोंद घेतली नाही. शेतमजुरांना दार उघडलं ते १९५० च्या सुधारणेनंतर. या नंबराचा इतिहास सांगताना लोक पोस्टमनपाशीच थांबतात. मला वाटतं, कोणाला नंबर मिळाला नाही हे आधी सांगावं.

मी न्यू जर्सीत एका लहान हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते. परदेशी लोकांचे करनंबराचे अर्ज तपासून पुढे पाठवायचे, हे माझं काम. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे बसायला जागा नसते. समोर येणारी बहुतेक माणसं आपलीच असतात: पुण्याची, सोलापूरची, नगरची, हैदराबादची, सुरतेची. त्यातही जास्त असतात त्या नवऱ्यामागून एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बायका. त्यांना नंबर कोणता मिळतो, कधी मिळतो, त्यावर काय करता येतं, याला एक इतिहास आहे. तो त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

पगाराच्या हिशेबापुरता असलेला आकडा बाकीच्या कामांत शिरायला फार दिवस लागले नाहीत. १९३८ साली लॉकपोर्ट इथल्या एका पाकीट बनवणाऱ्या कंपनीने, कार्ड पाकिटात कसं बसतं हे दाखवायला, आपल्या हिल्डा व्हिचर या सेक्रेटरीचा खरा नंबर नमुन्याच्या कार्डावर छापला. पाकिटं वूलवर्थच्या दुकानांतून देशभर विकली गेली आणि लोकांनी तो नंबर स्वतःचाच समजून वापरला. १९४३ साली ५,७५५ माणसं तोच नंबर लावत होती. त्याच वर्षी रूझवेल्ट यांनी हुकूम काढला की केंद्र सरकारच्या खात्यांना माणसांना नंबर द्यायचे असतील तर हाच वापरावा. १९४६ पासून कार्डावर ‘ओळखीसाठी नाही’ अशी सूचना छापली जाऊ लागली. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही आणि १९७२ मध्ये काढूनही टाकली गेली. १९६२ मध्ये आयआरएसने, म्हणजे तिथल्या आयकर खात्याने, हाच नंबर करदात्याचा नंबर म्हणून घेतला. तिथून पुढे नंबर नसला तर पगार, बँकेचं व्याज, शेअरवरचा लाभांश, सगळंच अडायला लागलं.

आपल्याकडे पॅनची सुरुवात साधारण त्यानंतर, सत्तरच्या दशकातली. पण पॅन करासाठीच काढला आणि करासाठीच वाढला. अमेरिकेत करासाठी वेगळा नंबर काढला नाही, निवृत्तिवेतनाचाच उसना घेतला. पुढे परदेशी बायकांची जी ओढाताण झाली तिचं मूळ या उसनवारीत आहे. निवृत्तिवेतनाचा नंबर मिळणार कोणाला, तर कमावणाऱ्याला. आणि कर मात्र नवरा-बायकोंनी एकत्र भरायचा, विवरणपत्रावर दोघांचे नंबर द्यायचे. जिला कमावण्याची परवानगीच नाही तिने नंबर आणायचा कुठून?

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपले डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने आले, तेव्हा हा प्रश्न जाणवला नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना ग्रीन कार्ड लवकर मिळे, बायकांनाही. शिवाय नंबर मिळणं सोपं होतं. त्या पिढीतले काका-काकू सांगतात की कचेरीत जाऊन अर्ज भरला, कार्ड आलं. १९७२ च्या कायद्याने परदेशी माणसांना नंबर देताना नियम लावायला सुरुवात केली आणि १९७८ पासून प्रत्येक नव्या अर्जदाराकडून वय, ओळख आणि नागरिकत्व किंवा व्हिसा यांचे पुरावे मागितले जाऊ लागले. काम करण्याची मुभा नाही पण नंबराची गरज आहे, अशा परदेशी माणसालाही नंबर मिळत असे. मात्र १९८२ पासून अशा कार्डावर ‘नॉट व्हॅलिड फॉर एम्प्लॉयमेंट’ असं छापून येऊ लागलं.

माझं पहिलं कार्ड तसलं होतं. १९९३ साली लग्न होऊन मी नाशिकहून एडिसनला आले. एम.कॉम. झालं होतं, नाशिकला एका सी.ए.कडे हिशेब लिहीत होते. पहिल्याच हिवाळ्यात कार्ड टपालाने आलं: निळसर जाड कागद, दोन्ही कडांना खांबांची नक्षी, वर कमानीत अक्षरं, खाली सहीची रेघ. आणि त्यावर छापलेली ती ओळ, की हे कार्ड नोकरीसाठी चालणार नाही. नंबराचे पहिले तीन आकडे तेव्हा राज्यावरून ठरत. न्यू जर्सीला १३५ ते १५८ दिलेले होते, माझाही त्यातलाच. म्हणजे मी कुठे राहते हे नंबर सांगत होता, नवऱ्याच्या करात माझी नोंद धरली जात होती, आणि मला काय येतं याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. ते कार्ड हातात घेतल्यावर जे वाटलं ते अजून विसरलेले नाही. तरी एक गोष्ट खरी, की पुढे ग्रीन कार्ड झाल्यावर मी अर्ज केला आणि त्या ओळीशिवायचं नवं कार्ड आलं, नंबर तोच. माझी एकूण एक जुनी नोंद त्या नंबराखाली जागच्या जागी होती.

माझी धाकटी जाऊ पाच वर्षांनी आली. तिचा व्हिसा तोच, नवऱ्याचं काम तसंच, घरही आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. तिला मात्र सोशल सिक्युरिटीच्या कचेरीतून परत पाठवलं. मधल्या काळात नियम बदलला होता. १९९६ मध्ये आयआरएसने परदेशी माणसांसाठी स्वतःचा वेगळा करनंबर सुरू केला, ज्याला आपल्याकडचे सगळे ‘आयटिन’ म्हणतात. तोही नऊ आकडीच, पण सुरुवात ९ ने, कारण सोशल सिक्युरिटीने ९ ने सुरू होणारे नंबर कधी दिले नव्हते. ज्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही आणि विवरणपत्रावर मात्र ज्याचा नंबर लागतो, त्याच्यासाठी तो. त्यासाठी भरायचा अर्ज म्हणजे डब्ल्यू-७. हा नंबर आल्यावर नुसत्या करासाठी सोशल सिक्युरिटी नंबर देणं बंद झालं. जावेला आलेलं कार्ड माझ्या कार्डासारखंच दिसायचं, पण त्याने फक्त कर भरता येत होता.

या नंबराबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचं आहे. तो काढला हे चांगलं केलं. आयटिन देताना आयआरएसने व्हिसा पक्का आहे की कच्चा, हे आड येऊ दिलं नाही. ज्याला कर भरायचा आहे त्याला नंबर द्यायचा, एवढंच पाहिलं. शेतात, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, बांधकामांवर राबणाऱ्या कितीतरी लोकांनी यावर वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे कर भरला. कराची माहिती इतर खात्यांना सहजी दिली जाणार नाही, या भरवशावर त्यांनी स्वतःचे पत्ते लिहून दिले. एप्रिल २०२५ मध्ये आयआरएस आणि इमिग्रेशन खात्यात माहिती देण्याघेण्याचा करार झाला, तेव्हा त्या भरवशालाच धक्का बसला. ज्यांनी कर भरला त्यांनाच पत्ता दिल्याची भीती वाटावी, हे मला मुळीच पटलेलं नाही.

पण एच-४ वरच्या बायकांच्या बाबतीत या नंबराने एक भिंत उभी केली. ११ सप्टेंबर २००१ नंतर नियम आणखी आवळले गेले. वाहन परवान्यासाठी म्हणून जे नोकरीविना सोशल सिक्युरिटी नंबर मिळत, तेही बंद झाले. परवान्याच्या कचेरीत नंबर विचारत आणि सोशल सिक्युरिटीची कचेरी देत नसे. ‘नंबर मिळू शकत नाही’ असं पत्र त्यांच्याकडूनच आणून दाखवायचं, ही पद्धत तेव्हा रुळली. २००३ च्या डिसेंबरात आयटिनचं कार्ड जाऊन साधं पत्र आलं, कारण लोकांना ते ओळखपत्र वाटत होतं. त्याच वेळी नुसता डब्ल्यू-७ पाठवणं बंद झालं. सोबत विवरणपत्र जोडायलाच हवं, असं झालं. मग लग्न होऊन जूनमध्ये आलेल्या मुलीला नंबरासाठी पुढच्या वर्षीच्या कर भरण्यापर्यंत थांबावं लागायचं. २०१२ मध्ये नोटरीने शिक्का मारलेली पासपोर्टची नक्कलही चालेनाशी झाली. मूळ पासपोर्ट टेक्ससमधल्या ऑस्टिनला टपालाने पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. घरी वडील आजारी असतील आणि पासपोर्ट ऑस्टिनला अडकला असेल, तर त्या मुलीने काय करायचं? आमच्यासारख्या मान्यताप्राप्त एजंटांनी समोर बसून मूळ पासपोर्ट पाहिला, तर तो टपालात टाकावा लागत नाही. आमच्याकडे गर्दी होते ती मुख्यतः यासाठी.

डब्ल्यू-७ चा कागद एकाच पानाचा आहे, पण आपल्या बायकांसाठी तो फार अवघड जातो, नावामुळे. वरच्या ओळीत आत्ताचं नाव, आणि तिच्याखाली जन्माच्या वेळचं नाव वेगळं असेल तर ते. ज्याने हा कागद आखला त्याच्या डोळ्यांसमोर लग्नानंतर आडनाव बदललेली बाई असणार. आपल्याकडे आडनाव बदलतं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत अजून पहिलं नावही बदलतात. मागच्या वर्षी साताऱ्याकडची एक मुलगी आली होती. शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर माहेरचं संपूर्ण नाव, लग्नाच्या नोंदीत सासरचं बदललेलं पहिलं नाव, आणि पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी, कारण तिन्ही नावं एका ओळीत बसवली होती. व्हिसावर त्यामुळे पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, असं आलेलं. ती म्हणाली, “काकू, माझं नाव कोणतं लिहू?” मी तिला सांगितलं, “पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षराला अक्षर. तुझं खरं नाव कोणतं ते तू ठरव, पण या कागदाला पासपोर्टच लागतो.” पासपोर्टचं शेवटचं पान, जिथे आई-वडील आणि नवरा यांची नावं असतात, त्याचीही प्रत जोडली. ती मुलगी खूप शांत होती. तिच्या शेजारी बसलेला नवराच जास्त घाबरला होता.

२०१७ पर्यंत एकत्र विवरणपत्र भरलं की माणशी एक सूट मिळायची. त्या वर्षी ती ४,०५० डॉलर होती. म्हणून बायकोचा आयटिन काढायला नवरे उत्साहाने येत. २०१८ पासून ही माणशी सूट शून्यावर आली, तरी एकत्र भरण्याचा फायदा उरलाच. या सगळ्यात बायको म्हणजे नवऱ्याच्या हिशेबातली एक ओळ, हे काही बदललं नाही. त्याची किंमत २०२० मध्ये कळली. करोनाच्या पहिल्या मदतीत माणशी १,२०० डॉलर मिळणार होते. पण नवरा-बायकोंनी एकत्र विवरणपत्र भरलं असेल आणि दोघांपैकी एकाकडेच सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर बहुतेक घरांत दोघांनाही काही मिळालं नाही, अगदी इथे जन्मलेल्या मुलांचंही. पोरं अमेरिकन नागरिक, बाप नियमित कर भरणारा, आणि आईच्या नंबराची सुरुवात ९ ने म्हणून सगळं घर वगळलं. डिसेंबरात दुसरा कायदा आला तेव्हा ही चूक मागच्या तारखेपासून दुरुस्त झाली. पण ते आठ-नऊ महिने कित्येक घरांत ‘तुझ्यामुळे’ हा शब्द ऐकावा लागला, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आणि थोडी बरी आहे. विद्यापीठात काम मिळालं की सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, आणि पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्यांच्या पगारातून निवृत्तिवेतनाचा कर कापला जात नाही. शिवाय १९८९ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात झालेल्या दुहेरी करासंबंधीच्या करारातल्या २१ व्या कलमाने भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते. इतर देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. तरी ही वजावट न घेताच विवरणपत्र भरून मोकळी झालेली आपली मुलं दर वर्षी भेटतात.

पण पदवी झाली, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला, की पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला आणि १.४५ टक्के मेडिकेअरला जायला लागतात. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची कमाई लागते. एच-१बीची मुदत मात्र एरवी सहा वर्षांची. ग्रीन कार्डाची रांग लागली नाही आणि माणूस परत गेला, तर ते पैसे इथेच राहतात. दोन देशांनी एकमेकांच्या निवृत्तिवेतनाची वर्षं धरावीत असे करार अमेरिकेने अनेक देशांशी केले आहेत, भारताशी अजून नाही. १९३६ मध्ये शेतावर राबणाऱ्या पंजाब्याला नंबर मिळाला नाही. आज परत गेलेल्या एच-१बीवाल्याला नंबर आहे, खात्यावर पैसेही आहेत, आणि म्हातारपण मात्र त्या पैशांविना जातं. हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणते.

आता पुन्हा बायकांकडे वळते. २६ मे २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांच्या एच-४ वरच्या बायकांना कामाची परवानगी मिळू लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं ९ ने सुरू होणारा नंबर वापरला त्यांना खरा सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला. माझ्या जावेच्या बरोबरीच्या काहीजणी तेव्हा चाळिशीत पहिल्या नोकरीला लागल्या. २०११ नंतरचे नंबर राज्यावरून ठरत नाहीत, त्यामुळे आता आकड्यांवरून कोण कुठली हे कळत नाही. पण या आनंदात एक गोष्ट फार जणींकडून राहून गेली आहे. नवा नंबर मिळाला म्हणून आयटिनच्या काळातल्या नोंदी आपोआप त्याला जोडल्या जात नाहीत. त्या आपण कळवल्यावरच एकत्र होतात. कळवलं नाही तर त्या वर्षांत कापलेला किंवा भरलेला कर जुन्या नंबराखाली पडून राहू शकतो आणि पुढे परताव्याचा घोळ होतो.

म्हणून ज्यांच्याकडे आधी आयटिन होता आणि आता सोशल सिक्युरिटी नंबर आहे, त्या सगळ्या मैत्रिणींना सांगणं आहे. आयटिन वापरणं थांबवा. पूर्ण नाव, पत्ता, जुना नंबर लिहून, सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत आणि असेल तर आयटिनचं पत्र जोडून आयआरएसला कळवा, की दोन्ही नोंदी एक करा. ज्यांच्याकडे अजून आयटिनच आहे त्यांनी लक्षात ठेवा, सलग तीन वर्षं तो विवरणपत्रावर लागला नाही तर रद्द होतो. तुमच्या नंबराचं पत्र नवऱ्याच्या फायलीत नको, तुमच्या स्वतःच्या फायलीत ठेवा.